एक म्हैस, कपाळावर पांढरी खूण

ॲड. मधुसूदन जवळेकर
समर्थनगर, औरंगाबाद
दि. ४ ऑगस्ट १९८६

सौ. द्वारकाबाई पठाडे
मु. सटवाईवाडी, शेंद्र्याजवळ

नमस्कार. वाईट बातमी आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तुमच्या यजमानांचा जामीन कोर्टाने दुसऱ्यांदा फेटाळला. रामकिसन अजून काही महिने हर्सूलच्या जेलमध्येच राहणार. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की, आरोपी बाहेर आला तर पुराव्यावर दबाव आणील. पुरावा म्हणजे तुमच्या गोठ्यातली म्हैस. मी उठून विचारलं, म्हशीवर दबाव आणायचा तो कसा? न्यायाधीश म्हणाले, ते आम्हालाही माहीत नाही, म्हणूनच धोका जास्त.

खटला तुम्ही समजून घ्या. रामकिसन गावच्या दूध संस्थेचे सचिव. सरकारी कर्जातून गावात एकेचाळीस म्हशी घेतल्या असं कागद म्हणतो. प्रत्येक फायलीत मालकाचा त्याच्या म्हशीसोबत फोटो आहे. सरकार म्हणतं, मालक एकेचाळीस आहेत, पण म्हैस एकच आहे, कारण सगळ्या फोटोंत तिच्या कपाळावर रुपयाएवढी पांढरी खूण आहे. पोलिसांनी ती म्हैस जप्त केली आणि ठाण्यात कडब्याची सोय नाही म्हणून सुपुर्तनाम्यावर तुमची सही घेऊन तुमच्याच गोठ्यात ठेवली. आता ती घरचं जनावर नाही, कोर्टाचा मुद्देमाल आहे. तिला विकायचं नाही, हलवायचं नाही, आजारी पडू द्यायचं नाही. कमीजास्त झालं तर तुम्हालाही आत जावं लागेल.

घाबरू नका. चोवीस वर्षं मी फक्त पांढरपेशा गुन्ह्यांचीच वकिली करतो. मारामारीवाले पक्षकार मी घेत नाही, ते वेळेवर येत नाहीत. मागच्या साली एका इंजिनिअरला सोडवलं. त्याने बांधलेला रस्ता कुणाला सापडत नव्हता. मी म्हणालो, ज्या रस्त्यावर तीन पावसाळ्यांत एक खड्डा पडला नाही, त्याच्याबद्दल तक्रार कसली? निर्दोष सुटला.

आपला बचाव असा की, सटवाईवाडीत म्हशींच्या कपाळावर पांढरं असतंच, तिकडची पैदासच तशी. अशा किती म्हशी गावात आहेत ते मोजून कळवा. आणि उरलेली फी पोळ्याच्या आत पोचती करा. फीशिवाय मी उभा राहत नाही. हा नियम आहे, त्यात राग नाही.

आपला,
मधुसूदन जवळेकर

सटवाईवाडी
१३ ऑगस्ट ८६

वकीलसाहेबांना द्वारकाबाईचा नमस्कार. मी सातवीपर्यंत शिकलेली हाय. पत्र माझ्याच हातचं हाय, कुणाकडनं लिहून घेतलं नाय.

तुम्ही म्हशी मोजायला सांगितल्या. मोजल्या. कपाळाला पांढरं असलेली एक निघाली. ती आमचीच चांदी.

तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, फोटोचं खरं हाय. कर्जाचे मोठे साहेब जीपमधनं आले अन् म्हणले, म्हशी येतील मागनं, फोटो आजच्या आज पायजेत. गावातल्या बाकीच्या म्हशी कॅमेरा बघून उधळल्या. चांदी उभी राहिली. एकेचाळीस खेपा माणूस बदलला, तिनं मान हलवली नाय. म्हशी काय आल्या नाय. साहेबांची बदली झाली अन् सह्या यांच्या होत्या म्हणून हे आत गेले.

हर्सूलला भेटायला जाते तवा जाळीपलीकडनं पहिलं विचारतात, चांदी कशी हाय? मंग लेकरं. मंग मी, टाइम उरला तर. दुसऱ्या बाईला राग आला असता. मला सवय हाय. तिला त्यांनी वगारू असल्यापास्नं बाटलीनं दूध पाजून वाढवलंय.

मला दुसरं काय बी नको वकीलसाहेब. ते घरी यावेत, एवढंच. लई बेजार झाले मी. जेवायला बसले की त्यांचं ताट वाढून टाकते अन् मंग उचलून ठेवते.

फी पोळ्याच्या आत मिळंल. कुठनं आणली ते इचारू नका.

द्वारकाबाई

औरंगाबाद
दि. १ सप्टेंबर १९८६

सौ. द्वारकाबाई,

फी पोचली, एकरकमी. तुमच्यासारखे पक्षकार असते तर माझं मोटारीचं गॅरेज कधीच बांधून झालं असतं. आता ते काम सुरू केलं आहे.

तुमच्या पत्रातली म्हशींच्या मोजणीची ओळ पोस्टात भिजून पुसली गेली, असं मी धरून चालतो. फोटोंबद्दलचा परिच्छेदही भिजला.

कोर्टाचा कमिशनर म्हशी पाहायला १८ ऑक्टोबरला गावात येणार आहे. तरुण आहे, जाड चष्म्याचा आहे, शहरातच वाढलाय. त्या दिवशी त्याला गावात तीस-चाळीस म्हशी पांढऱ्या कपाळाच्या दिसतील अशी मला आशा आहे. निसर्ग ते कसं घडवून आणील हे मी सांगू शकत नाही. मी काहीही सुचवलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

चांदीला जपा. रामकिसनला मी सांगितलं की मुद्देमाल ठणठणीत आहे. हे ऐकून तो हसला. जेलमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच हसला, असं तिथला शिपाई म्हणाला.

मधुसूदन जवळेकर

सटवाईवाडी
१२ ऑक्टोबर ८६

वकीलसाहेबांना नमस्कार. तुम्ही काय सुचवलं नाय ते गावाला बराबर समजलं.

पारावर बैठक झाली. इलेक्शनला भिंती रंगवतो तो लक्ष्मण पेंटर हाय ना, त्याला काम दिलं. एकोणचाळीस कपाळं व्हतील म्हणतोय. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं एका म्हशीच्या कपाळाला पंजा काढला, तो पुसावा लागला. सारजाबाईची म्हस सारखी थोबाड घासती, तिला दोन हात द्यावे लागतात. एका रेड्याला बी कुणीतरी लावून टाकलं, असू द्या म्हणलं.

चांदीजवळ मी कुणालाच येऊ देत नाय. ती अलीकडं बिचकते. लक्ष्मण लई म्हणला नमुना म्हणून तिला पुढ्यात बांधा, पण मी नाय म्हणलं ते नायच.

ते दिवाळीला घरी येतील का ते कळवा. आले तर करंज्या करते, नायतर नुसता चिवडा करते.

द्वारकाबाई

औरंगाबाद
दि. २० ऑक्टोबर १९८६

सौ. द्वारकाबाई,

दिवाळीला नाही, पण संक्रांतीच्या आसपास येतील, असं आता छातीवर हात ठेवून सांगतो.

परवा तुम्ही गोठ्याच्या दारात उभ्या होतात, त्यामुळे तळ्यावर काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल. कमिशनरने एकोणचाळीस पांढरी कपाळं मोजली, वहीत लिहिली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात ऊन वाढलं आणि सगळा कळप गावतळ्यात शिरला, मागोमाग तुमची चांदीही दावं तोडून गेली. कमिशनर काठावर पेन धरून उभा. अर्ध्या तासाने म्हशी एकेक करून बाहेर यायला लागल्या, आणि एकीचंही कपाळ पांढरं नव्हतं. 

आणि मग शेवटी चांदी बाहेर आली. तीसुद्धा काळी कुळकुळीत.

तिथल्या तिथे मी म्हणालो, लिहून घ्या. या गावात म्हशींच्या कपाळाला चुना लावायची रीत आहे. मग ती खूण म्हणजे ओळख कशी? पोलिसांच्या पंचनाम्यात 'कपाळावर पांढरी खूण' एवढंच आहे, जन्मजात असं कुठेही लिहिलेलं नाही. फोटोतली म्हैस कोणतीही असू शकते. सरकारी वकिलांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चोवीस वर्षांत माझं डोकं इतकं वेगाने चाललेलं मला आठवत नाही.

एकच कोडं उरतं. चांदीची खूण तर खरी होती ना? तळ्याच्या पाण्यात काही क्षार असावेत असा माझा तर्क आहे.

मधुसूदन जवळेकर

सटवाईवाडी
२८ ऑक्टोबर ८६

वकीलसाहेब, पाण्यात क्षार नाय.

ती चांदी नव्हती. चांदी मी पोळ्याच्या आधी छावणीच्या बाजारात विकली. तुमची फी दुसरी कुठनं देणार व्हते? मला काय कळंना झालं. फी दिली नाय तर तुम्ही उभे राहणार नाय, अन् तुम्ही उभे राहिले नाय तर ते येणार नाय. रात्रंदिवस एवढंच डोक्यात.

बाजारात कुणी वळखू नये म्हणून चांदीच्या कपाळाला तव्याची काजळी फासली. हर्सूलला माझी भण साळूबाई हाय, तिची म्हस आणून दावणीला बांधली अन् तिच्या कपाळाला चुना लावला. दोन महिने झाले, रोज सकाळी उठून आधी तिला टिक्का लावते, मंग चूल पेटवते.

हे त्यांना ठाऊक नाय. त्यांना कसं सांगू? जेलाचं दुःख ते सोसतील, हे सोसणार नाय.

आता मी बी आत जाणार का, ते सरळ लिहा.

द्वारकाबाई

औरंगाबाद
दि. ३ नोव्हेंबर १९८६

सौ. द्वारकाबाई,

असली पत्रं वकिलाला लिहायची नसतात. वकिलाला सगळं खरं सांगावं असं लोक म्हणतात, ते लोक वकील नसतात. तुमचं पत्र जाळायला घेतलं, तर सौ. दमयंतीने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. शेवटी पाण्याच्या बंबात टाकलं आणि त्याच पाण्याने आंघोळ केली.

म्हणजे कोर्टाचा मुद्देमाल विकून आलेल्या फीवर त्याच कोर्टात मी तुमच्या बाजूने उभा आहे, आणि त्या पैशाच्या भिंती माझ्या दारात कमरेपर्यंत आल्या आहेत. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आज थोडा भात खाल्ला.

आता ऐका. ९ जानेवारीला म्हैस कोर्टाच्या आवारात हजर करायची आहे. न्यायाधीश रामकिसनला एकच विचारतील, ही तुझीच म्हैस का? त्याने 'होय' म्हटलं की मुद्देमाल शाबूत, खूण चुन्याची ठरली, तो सुटला, तुम्ही वाचलात, मीही वाचलो. 'नाही' म्हटलं तर मुद्देमाल कुठे गेला असा प्रश्न येईल, सुपुर्तनाम्यावर सही तुमची आहे, आणि तुम्ही थेट आत. तेव्हा भेटीला जाल तेव्हा त्याला तयार करा. मी सांगू शकत नाही, कारण मला अधिकृतपणे काहीच माहीत नाही.

कोर्टात आणताना चुना लावू नका. आता ती काळीच बरी.

म. जवळेकर

औरंगाबाद
दि. ३ फेब्रुवारी १९८७

सौ. द्वारकाबाई,

कालचा निकाल तुम्ही कानांनी ऐकला, तरी माझ्या हातून लेखी जावा म्हणून लिहितो. निर्दोष. ओळख पटत नाही, संशयाचा फायदा आरोपीला.

९ जानेवारीचं मात्र सांगतो. लिंबाच्या झाडाखाली म्हैस उभी, न्यायाधीश पायरीवर, आणि रामकिसन तिच्याकडे बघतच राहिला. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. मी खोकलो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "व्हय, हीच." आणि लहान पोरासारखा रडला. निकालपत्रात त्याचा उल्लेख आहे, वाचून घ्या: 'आरोपीचे अश्रू स्वाभाविक वाटतात.' अभिनयाची ही पातळी मी बँक मॅनेजरांमध्येसुद्धा पाहिलेली नाही. तुम्ही त्याला उत्तम तयार केलंत.

माणूस तुमच्या घरी आला. आता सुखाने संसार करा.

मधुसूदन जवळेकर

सटवाईवाडी
१८ फेब्रुवारी ८७

वकीलसाहेबांना नमस्कार.

मी त्यांना तयार केलं नव्हतं. चार खेपा भेटीला गेले, चारी खेपा तोंडातनं शब्द फुटला नाय. ते जाळीतनं चांदी कशी हाय इचारायचे, मी मस्त हाय म्हणायचे.

झाडाखाली न्यायाधीशानं इचारलं तवा तुम्ही तिकडं वळला व्हता, म्हणून तुम्हाला सगळं दिसलं नाय. मला दिसलं. त्यांनी त्या म्हशीच्या शिंगाकडं बघितलं, खुराकडं बघितलं, अन् त्यांचं तोंड असं झालं की घरात कुणी गेल्याचं आताच कळलं. मंग पोलिसांमध्ये, बायांमध्ये मला हुडकलं. मी हात जोडले. तवा ते व्हय म्हणले. ते रडणं खरं व्हतं.

घरी आल्यापास्नं बोलत नाय. साळूबाईच्या म्हशीचं दूध पीत नाय, चहा बी कोरा घेतात. एकेचाळीस कागदांवर खोट्या सह्या केल्या, तवा एका टायमाचं जेवण चुकवलं नाय त्या माणसानं. अन् हे एक खोटं गळ्याखाली उतरंना. काल एवढंच म्हणले, तिला काळी करून बाजारात उभी केली व्हय.

तुमच्यामुळं सुटले, तुमचे उपकार हायत. पर चांदी तुमच्या गॅरेजात गेली, ते बी खरं हाय. तिला हुडकून द्या वकीलसाहेब. दहा महिने वाट बघून माझ्या घरात नुसतं त्यांचं धोतर वाळत घातलेलं हाय, माणूस आलेलाच नाय.

द्वारकाबाई

औरंगाबाद
दि. ९ मार्च १९८७

सौ. द्वारकाबाई,

चोवीस वर्षांत मी पुरावा शोधायला कधी घराबाहेर पडलो नव्हतो. तीन रविवार गोठे पालथे घातले. काळा कोट घालून शेणातून फिरलो. चांदी सापडली, चिकलठाण्याच्या एका गोठेवाल्याकडे. तो आधीच भडकलेला होता. म्हणाला, काळी म्हैस घेतली आणि दोनदा धुतल्यावर कपाळ पांढरं निघालं, माझी फसवणूक झाली, मी केस करणार आहे. मी म्हणालो, केस मीच घेतो, आणि म्हैसही मीच घेतो. दुप्पट मोजले.

पण तिला गावात पाठवता येत नाही. सरकार अपिलात जायच्या विचारात आहे, आणि पांढऱ्या कपाळाची चांदी सटवाईवाडीत दिसली तर आपण तिघंही हर्सूलला. तेव्हा सध्या ती माझ्या नव्या गॅरेजात आहे. मोटार बाहेर उन्हात आहे. दमयंती दोन दिवस माहेरी जायचं म्हणाली, मग चांदीचं दूध पाहून थांबली.

रामकिसनला गुरुवारी पाठवा. तासाभरासाठी. शेजाऱ्यांनी विचारलं तर सहीसाठी आलोय म्हणू दे.

मधुसूदन जवळेकर

सटवाईवाडी
२५ मार्च ८७

वकीलसाहेब, तुम्ही तासाभरासाठी बोलावलं व्हतं. आज तेरा दिवस झाले.

कसली सही चाललीय एवढी?

द्वारकाबाई

औरंगाबाद
दि. ३० मार्च १९८७

सौ. द्वारकाबाई,

मी रोज सांगतो, तो रोज 'उद्या जातो' म्हणतो.

त्या गुरुवारी गॅरेजचं दार उघडलं तेव्हा चांदी हंबरली, आणि हा तिथेच तिच्या मानेला धरून खाली बसला. दमयंतीने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, बसू दे तासभर. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खाट आलेली होती. तिसऱ्या दिवशी दमयंतीने आणि त्याने मिळून रतीब सुरू केला. आमच्या गल्लीतच दोन घरं सोडून सरकारी वकील राहतात. रोज सकाळी शेरभर दूध नेतात आणि सायीची तारीफ करतात. ज्या म्हशीला ते नऊ महिने कोर्टात सिद्ध करत होते, तिचाच खरवस त्यांना मिळेल का, असं काल त्यांनी मला विचारलं.

माझे पक्षकार आता आधी गॅरेजात जातात. परवा एक हिशेबनीस माझ्यासमोर बसून म्हणाला, पठाडेसाहेब म्हणाले, फोटो काढलेला नसेल तर भ्यायचं कारण नाही. पठाडेसाहेब! माझी फी तीच राहिली आहे, पण मान कमी झाला आहे.

मी हात टेकले. कोर्टातून, जेलमधून माणूस सोडवता येतो, त्याला कलमं आहेत. याला कोणतं कलम लावू? तुम्हीच काही करा. पत्राने तो हलणार नाही.

मधुसूदन जवळेकर

सटवाईवाडी
४ एप्रिल ८७

वकीलसाहेबांना अन् दमयंतीबाईला नमस्कार.

तुमची काय चूक नाय. तुम्ही म्हस हुडकून दिली, मीच मागितली व्हती.

हर्सूलला व्हते तवा निदान भेटीचा दिवस ठरलेला असायचा. नवी साडी नेसून जायची मी. शिपाई नाव पुकारायचा अन् ते जाळीपाशी यायचे. आता कुणी पुकारत बी नाय.

झाडाखाली त्यांनी माझ्याकडं बघितलं अन् माझ्यासाठी खोटं बोलले, तेवढ्यावर मी दोन महिने काढले. मला वाटलं, एवढं केलं माझ्यासाठी, आता घरी आल्यावर मी दिसंल त्यांना. पर तसं झालं नाय. ज्या माणसाला लांबनं नुसत्या खुरावरनं दुसरी म्हस कळली, त्याला दहा महिने जाळीतनं बघून मी किती वाळले ते एकदा बी कळलं नाय.

लेकरं साळूबाईकडं ठेवते. सोमवारी पहिल्या गाडीनं येतेय. त्यांना काय सांगू नका, चहापाणी बी नको. मी नुसती गॅरेजच्या दारात उभी राहते. बघू, वळखतात का.

द्वारकाबाई